खालचे देऊळ

कळसूबाईच्या वाटेवर, बारी गावाच्या वरच्या अंगाला, सकाळच्या पहिल्या उन्हात चढणाऱ्यांची जी लांब ओळ दिसते, तिच्यातून घरची मंडळी घेऊन निघालेला समूह वेगळा काढायला फारसे निरीक्षण लागत नाही. गिर्यारोहण संस्थेची तुकडी बहुधा एका चालीने चढते, तिचे थांबे ठरलेले असतात आणि तिच्यातील माणसे मोजकेच बोलतात. घरची मंडळी मात्र पहिल्याच चढावर विस्कटतात. शाळकरी मुले दोन वळणे पुढे जाऊन दिसेनाशी होतात, त्यांच्यामागे त्यांना हाका मारणारी आई असते, तिच्यामागे कचेरीतल्या बदल्यांविषयी बोलत चाललेले दोन मित्र असतात, आणि सर्वांत शेवटी, पदर कमरेला खोचून थोड्या थोड्या पावलांवर दम खाण्यासाठी थांबणारी आत्या असते. या आत्याच्या अर्धे पाऊल मागे जो कोणी चालत असतो, ज्याच्या हातात दुसऱ्याच कोणाची पाण्याची बाटली आणि खांद्यावर तिसऱ्याच कोणाची पिशवी असते, त्यानेच हा बेत आखलेला असतो आणि त्या दिवसाचा म्होरक्याही तोच असतो. पुढे चालून दाखवण्यासारखे या वाटेवर फारसे काही नाही, कारण वाट मळलेली आहे, दगडांनी आणि पायऱ्यांनी बांधून काढलेली आहे, आणि सुट्टीच्या दिवशी तिच्या कडेला लिंबू सरबताच्या टपऱ्याही असतात. इथे चुकण्याची भीती थोडी आणि मागे पडण्याची जास्त असल्यामुळे नेतृत्वाची जागा आपोआप शेवटी सरकते.

समुद्रसपाटीपासून १६४६ मीटर, म्हणजे सुमारे ५४०० फूट उंचीचे हे शिखर महाराष्ट्रातील सर्वांत उंच होय, आणि ते अकोले तालुक्याच्या उत्तर कडेवर, नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी तालुक्याच्या हद्दीला लागून उभे आहे. अकोले ज्यात येते त्या जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. तरी त्या नावाबरोबर बाहेरच्या माणसाच्या मनात उभी राहतात ती शिर्डी, शनिशिंगणापूर, साखर कारखाने आणि पाथर्डी-जामखेडकडचे कोरडे माळ. ज्या घाटघरला जिल्ह्याचे चेरापुंजी म्हणतात, ते पावसाने झोडपलेले गावही याच जिल्ह्यात आहे, हे नगर-श्रीगोंद्याकडच्या कित्येकांना प्रथम कळते ते अशा एखाद्या सहलीतच. राजूर सोडून गाडी पश्चिमेकडे वळली की उसाचे फड संपतात, भाताची खाचरे सुरू होतात, आणि घरातील वडीलधारी माणसे आपण अजून आपल्याच जिल्ह्यात आहोत का, असे खरोखरच विचारतात.

या डोंगराची घडणच अशी आहे की तो चढणाऱ्याच्या सहनशक्तीची परीक्षा एकदम न घेता हप्त्याहप्त्याने घेतो. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या काळात भूपृष्ठाच्या भेगांतून लाव्हारस पुन्हा पुन्हा वाहून थिजला आणि त्याचे थर एकावर एक साचत गेले. त्यातील कठीण थर झिजायला नकार देत कड्यांच्या रूपाने उभे राहिले, तर ठिसूळ थर झिजून त्यांचे उताराचे किंवा सपाटीचे टप्पे झाले. अशा टप्प्याला सह्याद्रीत पदर म्हणतात आणि डोंगरापासून खाली उतरत आलेल्या लांब धारेला सोंड म्हणतात. बारीची वाट प्रथम सोंडेने चढते, मग कातळाच्या भिंतीपाशी येते, तिथे लोखंडी शिडी लागते, शिडी संपली की पदर लागतो, पदर संपतो तिथे पुन्हा कातळ आणि पुन्हा शिडी. शिड्या बसण्यापूर्वी याच ठिकाणी खोबणीत पाय रोवून आणि साखळी धरून चढावे लागे. जाणकाराला या रचनेत भूशास्त्र दिसते; पहिल्यांदा येणाऱ्या काकांना मात्र तीत निव्वळ फसवणूक दिसते, कारण खालून जे शिखर म्हणून दिसत होते ते प्रत्येक वेळी पुढच्या पदराची कड निघते.

डोंगरावरील असत्य ज्याला म्हणता येईल, त्याचा उगम इथे आहे. ‘आता आलंच, दहा मिनिटं’ हे वाक्य सह्याद्रीत जितक्या वेळा उच्चारले गेले असेल तितके दुसरे कोणतेही नसेल, आणि ते उच्चारणाऱ्याला ते खोटे असल्याचे पुरते ठाऊक असते. वाटेत भेटणारा गावकरीही तेच सांगतो, पण त्याचे सांगणे खोटे नसते. डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन तीच वाट रोज तुडवणाऱ्याच्या हिशोबाने ती दहाच मिनिटांची असते. म्होरक्याचे असत्य निराळ्या जातीचे आहे. ते दयेपोटी बोलले जाते, निदान त्याची सुरुवात तशी होते, पण कळसूबाईवर ते एका सकाळीत दोन-तीनदा उघडे पडते आणि मग त्या माणसाच्या कोणत्याच शब्दावर मंडळी विश्वास ठेवीत नाहीत, पाणी जपून प्या या शब्दावरसुद्धा. यापेक्षा खरा आकडा सांगणे बरे. बारीपासून माथा आठशेहून अधिक मीटर वर आहे, सवयीच्या माणसाला तीन तास पुरतात, घरच्या मंडळींना चार किंवा त्याहून जास्त लागतात, आणि उतरताना गुडघे चढतानापेक्षा अधिक कुरकुरतात, हे आदल्या रात्री जेवताना सांगून टाकले तर निम्मी भांडणे डोंगरावर न होता ताटावर होतात, आणि तिथे ती मिटवायला आजी असते.

संस्थेच्या मोहिमेत नेत्याचा शब्द चालतो, कारण तिथे माणसे त्याच्याकडे नेता म्हणूनच पाहत आलेली असतात. घरच्या चढाईत ज्यांना न्यायचे असते ती माणसे नेणाऱ्याला त्याच्या लंगोटाच्या वयापासून ओळखत असतात. ज्या मामांनी पोहायला शिकवले त्यांना आता या दगडावर पाय देऊ नका म्हणून सांगायचे, ज्या थोरल्या जाऊबाईंपुढे स्वयंपाकघरात शब्द काढता येत नाही त्यांना चपला बदला म्हणायचे, हे शिडीपेक्षा अवघड काम आहे. म्हणून इथे आज्ञा चालत नाही; आर्जव चालते, थट्टा चालते, आणि बऱ्याचदा तिसऱ्याच माणसाच्या तोंडून वदवून घ्यावे लागते. नातवाने ‘आजोबा, माझा हात धरा ना, मला भीती वाटते’ असे म्हणावे आणि आजोबांनी त्याला आधार देण्यासाठी म्हणून स्वतःचा तोल सावरावा, ही युक्ती जुनी आहे, आणि आजोबांनाही ती बहुधा कळलेली असते. मित्रांची गोष्ट याहून सोपी दिसते पण तशी ती नसते. मित्र ऐकतात, मात्र एकमेकांच्या देखत थकल्याचे कबूल करीत नाहीत, आणि शांत झालेला, विनोद करायचे थांबलेला मित्र हा रडणाऱ्या मुलापेक्षा अधिक काळजीचा विषय असतो.

अर्थात, घरदार घेऊन या डोंगरावर जाणे ही पर्यटनाने आणलेली नवी रीत नव्हे. कळसूबाई ही परिसरातील महादेव कोळी समाजाची आणि भोवतालच्या गावांची देवता आहे. नवरात्रात माथ्यावर यात्रा भरते, आणि त्या दिवसांत लुगडे नेसलेल्या, अनवाणी, कडेवर मूल आणि हातात नारळाची पिशवी घेतलेल्या बाया या वाटेने ज्या सहजतेने चढतात, ती पाहून महागड्या बुटांतील शहरी पायांनी थोडे संकोचावे. देवीविषयी सांगितली जाणारी कथाही घरकामातूनच निघाली आहे. कळसू नावाची मुलगी डोंगराच्या नाशिककडील अंगाला असलेल्या इंदोरे गावी एका पाटलाच्या घरी कामाला राहिली, ती भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही या अटीवर. पुढे एके दिवशी पाहुण्यांच्या गर्दीत तिला तीच कामे सांगण्यात आली, तिने ती केली आणि मग घर सोडून ती डोंगरावर निघून गेली. तिने थाळ्या घासल्या ती जागा थाळेमेळ म्हणून दाखवतात. रतनाबाई आणि कात्राबाई या शेजारच्या डोंगरांवरील देवता तिच्या बहिणी मानल्या जातात. महाराष्ट्राचा सर्वांत उंच माथा ज्या मुलीच्या नावाने ओळखला जातो ती शब्द मोडल्यामुळे घरातून उठून गेलेली कामकरी मुलगी होती, ही गोष्ट वाटेत मुलांना सांगताना घरातील बाया एकमेकींकडे पाहून हसतात, आणि त्या हसण्याचा अर्थ पुरुषमंडळींना सहसा विचारावासा वाटत नाही.

या श्रद्धेने केलेली एक व्यवस्था मात्र नव्या गिर्यारोहणाला सुचलेली नाही. बारीहून चढ सुरू झाला की पहिल्या टप्प्यावरच कळसूबाईचे एक लहान देऊळ लागते. ज्यांना माथ्यावर जाणे झेपत नाही त्यांनी इथेच ओटी भरावी, नारळ फोडावा आणि परत फिरावे, अशी रीत आहे. अशा माणसाची यात्रा अपुरी राहिली असे कोणी म्हणत नाही. देवी वर असते तशी खालीही असते, आणि वयाने, दुखण्याने किंवा पोटातल्या बाळाने ज्याची वाट अडवली त्याच्यापर्यंत ती स्वतः उतरून आलेली असते. शिखराशिवाय दुसरे काही न मोजणाऱ्या आजच्या चढाईत असे ठिकाण नाही. मनगटावरच्या घड्याळात उंची चढत जाते, माथ्यावरच्या छायाचित्रात जो नसतो तो आलाच नव्हता असे पुढे घरात बोलले जाते, आणि मग ज्या आत्याने अर्ध्यावर थांबायला हवे होते ती भाच्याचा विरस नको म्हणून शेवटच्या शिडीपर्यंत ओढत जाते. शेवटच्या शिडीआधीच्या सपाटीवर एक विहीर आहे, तिच्या आसपास सावलीला बसलेली माणसे नेहमी दिसतात: कोणाचा गुडघा, कोणाचा दमा, कोणाचे फक्त मन भरलेले. त्यांच्या चेहऱ्यावर हुकल्याचा भाव दिसतो की निवांतपणा, हे त्यांना घेऊन आलेल्या माणसाने खाली असताना काय बोलून ठेवले होते त्यावर ठरते. घरच्यांना डोंगरावर नेणाऱ्याची कसोटी त्याने किती जण माथ्यावर पोचवले यात नाही, वाटेत किती देवळे उभी करून ठेवली यात आहे, असे या डोंगराचा रिवाज सुचवतो आणि तो मान्य करायला हरकत नसावी.

माथा बेताचा आहे. लहानसे देऊळ, त्याच्याभोवती उभे राहण्यापुरती जागा, आणि वारा असा की बोलणे ओठांवरून उडून जावे. दृश्य मात्र प्रशस्त आहे: पश्चिमेला अलंग, मदन आणि कुलंग ही दुर्गांची रांग, पूर्वेला शिवाजी महाराज १६७९ मध्ये जालन्याच्या मोहिमेनंतर जिथे विसावले तो पट्टागड ऊर्फ विश्रामगड, दूर दक्षिणेला हरिश्चंद्रगड, आणि खाली भंडारदऱ्याचा जलाशय. रतनगडाच्या परिसरात उगम पावलेली प्रवरा इथे १९२६ मध्ये पूर्ण झालेल्या विल्सन धरणाने अडवली आहे. त्यात सुमारे ११ टीएमसी, म्हणजे ११ अब्ज घनफूट पाणी मावते, आणि ते नदीतून आणि पुढे कालव्यांतून संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरीकडे जाते. श्रीरामपूरकडचे एखादे बागाईतदार कुटुंब माथ्यावर आले की त्यातील कर्ता पुरुष किल्ल्यांची नावे ऐकून घेतो न घेतो आणि पाण्याकडे पाहू लागतो. आवर्तन, म्हणजे कालव्याला ठरलेल्या मुदतीने सुटणारे पाणी, कधी सुटेल हा ज्याच्या वर्षाचा प्रश्न असतो, त्याला हा जलाशय निसर्गदृश्य म्हणून पाहणे जमत नाही. तो भिंतीपासून पाण्याची पातळी किती उतरली याचा अंदाज घेतो, आणि आपल्या उसाचा उगम डोंगरात आहे हे त्याला त्या दिवशी डोळ्यांनी दिसते. त्याच्या मुलांना त्या वेळी माकडांमध्ये जास्त रस असतो.

याच तालुक्याच्या दक्षिण टोकाला हरिश्चंद्रगड आहे, आणि पाचनईची वाट सोपी असल्यामुळे कळसूबाईनंतर घरच्या मंडळींचा दुसरा बेत बहुधा तिथलाच असतो. नळीची वाट, म्हणजे कोकणातून दगडगोट्यांच्या अरुंद घळीने वर येणारा मार्ग, हे अनुभवी माणसांचे काम आहे आणि तिथे मुलेबाळे नेण्याचा मोह आवरावा. गडावर केदारेश्वराच्या लेण्यात थंडगार पाण्याच्या मध्यभागी शिवलिंग आहे, भोवतीच्या चार खांबांपैकी एकच शाबूत आहे, आणि सकाळी कातळाच्या आडव्या वाटेवर हात धरल्याशिवाय पाऊल न टाकणारी आजी इथे मात्र कोणाचे न ऐकता कमरेएवढ्या पाण्यात उतरून प्रदक्षिणा घालू लागते. चांगदेवांनी ‘तत्त्वसार’ हा ग्रंथ याच गडावर शके १२३४ मध्ये लिहिला असे मानतात. तेव्हा वर येणारी माणसे छायाचित्रासाठी येत नसणार, एवढे निश्चित.

गडाच्या पश्चिमेचा कोकणकडा आत वळलेला, प्रचंड आणि खाली पाहताना पालथे पडावे लागेल असा आहे, आणि म्होरक्याचा सगळ्यांत जास्त जीव इथेच टांगणीला लागतो. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने या गडावरून दिसलेल्या वर्तुळाकार इंद्रधनुष्याची नोंद १८३५ मध्ये प्रसिद्ध केली. त्याला इंद्रवज्र म्हणतात. सूर्य पाठीशी आणि समोर खाली धुके किंवा ढग असला म्हणजे पाहणाऱ्याची सावली त्या ढगावर पडते आणि तिच्या डोक्याभोवती रंगांचे कडे उमटते. या दृश्यातील विलक्षण भाग असा की दहा माणसे शेजारी उभी असली तरी प्रत्येकाला ते कडे केवळ आपल्याच सावलीभोवती दिसते. शेजाऱ्याची सावली दिसते, पण तिला कडे नसते. म्हणजे ज्याने सर्वांना पहाटे उठवून, चहा पाजून, ओळीने कड्यापर्यंत आणले, तो स्वतःला दिसणारे कडे कोणालाच दाखवू शकत नाही, आणि बोट दाखवून ‘ते बघ’ असे म्हणण्याला इथे फारसा अर्थ उरत नाही. घरातील माणसे एकत्र जातात, एकत्र खातात, एका चादरीवर झोपतात, आणि परत आल्यावर प्रत्येकाची सहल निराळीच असते: एकाला धुके आठवते, एकाला पिठल्याची चव, एकाला बहिणीने सगळ्यांच्या देखत मारलेला टोमणा.

परत फिरण्याचा निर्णय हा या सगळ्यातला सर्वांत एकाकी भाग आहे. मृगाच्या सरी कोसळू लागल्या की कळसूबाईच्या शिड्यांवर पाणी उतरते, धुक्यात पुढची पायरी दिसत नाही, आणि विजा चमकू लागल्यावर उघड्या धारेवरची लोखंडी शिडी ही पृथ्वीवरील सर्वांत वाईट जागांपैकी एक ठरते. अशा वेळी ‘एवढे आलोच आहोत तर’ हा युक्तिवाद मंडळीतला सर्वांत आवडता आणि सर्वांत प्रतिष्ठित माणूस करतो, हेही जवळजवळ ठरलेले असते. त्याला नाही म्हणणाऱ्याला त्या दिवशी कोणी धन्यवाद देत नाही. घरी पोचेपर्यंत पाऊस थांबलेला असतो, ऊन पडलेले असते, आणि उगाच फिरलो हे वाक्य पुढे कित्येक दिवाळ्या ऐकावे लागते. न घडलेल्या अपघाताचा पुरावा कोणालाच देता येत नाही.

उतरून आल्यावर बारीत ज्यांच्या अंगणात जेवण सांगितलेले असते तिथे तांदळाची किंवा नागलीची भाकरी, पिठले आणि ठेचा येतो, आणि वाटेत एकमेकांशी अबोला धरलेली माणसे एकमेकांच्या ताटात वाढू लागतात. अलीकडे पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी या गावात इतक्या गाड्या येतात की शिड्यांखाली तास-तासभर रांग लागते, आणि काजव्यांच्या दिवसांत, म्हणजे पावसाच्या तोंडाशी, भंडारदऱ्याच्या बाजूला तीच गत होते. १९८६ मध्ये घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा हा मुलूख आहे हे त्या गर्दीत आठवत नाही. घरच्यांना घेऊन येणाऱ्याने आडवारी यावे, उजाडताच चढ सुरू करावा, आपला कचरा आपल्या पिशवीत परत न्यावा, आणि कोण कुठपर्यंत येणार हे बारीत जेवण सांगतानाच प्रत्येकाला विचारून घ्यावे.